जकुझीचं पाणी नितळ ठेवायचं तर

1999 च्या फेब्रुवारीत हॉलंडमधल्या बोव्हेनकार्सपेल या गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. फुलांच्या जोडीला घरगुती वस्तूंचे स्टॉल होते आणि तिथेच गरम पाण्याचे, बुडबुडे सोडणारे टब चालू करून मांडले होते. लोक त्यांच्यासमोरून नुसते चालत गेले. पाण्यात कुणी उतरलं नव्हतं. तरीही पुढच्या काही आठवड्यांत दीडशेहून अधिक माणसं लीजनेला या जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियानं आजारी पडली आणि त्यांतली किमान 32 दगावली.

असं पुन्हाही घडलं. 2012 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथल्या एका दुकानात विक्रीसाठी चालू ठेवलेल्या टबामुळे दोघांचा जीव गेला. पाच वर्षांनी दुकानाला दहा लाख पौंडांचा दंड झाला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या एका जत्रेत प्रदर्शनातल्या टबांच्या आसपास फिरलेल्यांमध्ये हाच आजार पसरला आणि चौघं गेले. टब शोभेचा, त्यात कुणी बसणार नाही, मग औषध कशाला घालायचं, हा हिशेब अशा ठिकाणी सहज होतो. पाणी मात्र कोमट असतं, जिवाणू त्यात वाढतात आणि बुडबुडे फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर ते थेट फुप्फुसात पोचतात. दिसायला ते पाणी अगदी काचेसारखं असू शकतं.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देण्याचे दिवस राहिलेले नाहीत. लोणावळा, कर्जत, अलिबाग, पाचगणी इथल्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत ‘प्रायव्हेट जकुझी’ हे आता ठरलेलं कलम आहे. पुण्यातल्या काही घरांच्या गच्चीवर टब आले आहेत. टोरांटो किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात ते त्याआधीपासून आहेत. टब बसवणारा माणूस बटणं समजावून सांगतो, दोन-चार डबे हातात ठेवतो आणि निघून जातो. पाण्याचं काय करायचं, हे घरच्यांनी नाहीतर केअरटेकरनं अंदाजपंचे ठरवायचं, अशी बहुतेक ठिकाणची रीत.

आधी एक फरक. हॉटेलच्या न्हाणीघरात असतो तो भरायचा, डुंबायचा आणि लगेच रिकामा करायचा टब. त्याच्या जेटच्या नळ्यांत उरलेलं पाणी अधूनमधून जंतुनाशक घालून खळखळून काढलं की बरंचसं भागतं. अंगणातल्या किंवा गच्चीवरच्या टबाचं तसं नाही. तिथे तेच पाणी आठवडेच्या आठवडे तापतं, गाळलं जातं आणि पुन्हा अंगावर येतं. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

या पाण्यावर किती भार पडतो ते आकड्यांत बघावं. मध्यम आकाराच्या टबात साधारण 1500 लिटर पाणी मावतं. चार जण बसले की माणशी 375 लिटर झालं. सहा लेनच्या, 25 मीटर लांबीच्या तलावात चार लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. तिथे एवढी दाटी व्हायची तर हजारावर माणसं एका वेळी उतरवावी लागतील. शिवाय टबातलं पाणी 38 ते 40 अंशांवर असतं. त्यात बसलेल्या माणसाला घाम येतो, तो दिसत नाही एवढंच. घाम, त्वचेवरचं तेल, क्रीम, केसांतलं खोबरेल, पोहण्याच्या कपड्यांतला धुण्याचा साबण हे सगळं त्या 1500 लिटरांत उतरतं आणि क्लोरीन त्याच्यावरच खर्ची पडतो. उष्णतेनं तो उडतो ते वेगळं. तलावात जो डोस दिवसभर पुरतो, तो टबात तासाभरात संपू शकतो.

म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तलावासाठी किमान 1 पीपीएम मोकळा क्लोरीन सांगितला असला, तरी हॉट टबासाठी तो आकडा 3 आहे. क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असल्यास 4 ते 8. पीएच 7 ते 7.8 च्या दरम्यान, आणि तापमान 40 अंशांच्या वर नाही. पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा आहे: 1500 लिटरांत 3 पीपीएम वाढवायला साडेचार ग्रॅम क्लोरीन लागतो. दहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर 45 मिलिलिटर. दाणेदार डायक्लोर असेल तर आठ ग्रॅम.

इतक्या थोड्याशा मात्रेत पाणी राखता येतं, हे ऐकून पुष्कळांना खरं वाटत नाही. मग ‘हात सैल सोडून’ डबा उपडा केला जातो आणि पाहुण्यांचे डोळे लाल होतात. दुसऱ्या बाजूला क्लोरीनचा वास नको म्हणून तो टाळणारेही आहेत. जपानच्या फुकुओका प्रांतातल्या एका जुन्या, नावाजलेल्या ओन्सेन हॉटेलात 2023 साली असं उघडकीला आलं की, आठवड्याला बदलायचं स्नानाचं पाणी वर्षातून फक्त दोनदा बदललं जात होतं आणि क्लोरीनही पुरेसा घातला जात नव्हता. लीजनेलाचं प्रमाण मर्यादेच्या 3,700 पट निघालं. आपल्याला क्लोरीनचा वास आवडत नाही, असं कारण तिथल्या प्रमुखांनी दिलं होतं.

गंमत अशी की, नाकात झोंबणारा तो वास बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो, कमी पडल्याचा असतो. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीन जोडला जाऊन क्लोरामाइन तयार होतात, भपकारा त्यांचा. चांगल्या राखलेल्या टबाला जेमतेम वास येतो. अशा वेळी उपाय म्हणजे टबात कुणी बसलेलं नसताना क्लोरीनची मात्रा एकदम 10 पीपीएमपर्यंत चढवायची, जेट चालू ठेवायचे आणि झाकण उघडं टाकायचं, म्हणजे वायू बाहेर पडतील. झाकण लावलं तर ते तिथेच कोंडतात आणि झाकणाचा आतला कपडाही कुजवतात. मात्रा 5 च्या खाली आल्याशिवाय कुणी उतरू नये.

आता पीएच. या एका आकड्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं आणि बाकीची मेहनत त्यापायी वाया जाते. पाण्यात मिसळलेला क्लोरीन दोन रूपांत असतो. त्यांतलं एकच जंतू झपाट्यानं मारतं. पीएच 7.2 ला साधारण दोन तृतीयांश क्लोरीन या कामाच्या रूपात असतो, 7.5 ला निम्मा, आणि 8 ला जेमतेम पाव. म्हणजे पीएच 8 असताना क्लोरीन तपासायचं किट भले 3 पीपीएम दाखवो, प्रत्यक्ष काम त्याच्या पाव भागाचंच होतं. टबात पीएच वर सरकतोच, कारण जेट पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावतात. संध्याकाळभर बुडबुडे चालले की सकाळी आकडा चढलेला मिळणार. उतरवायला सोडियम बायसल्फेट, म्हणजे दुकानात ‘पीएच मायनस’ नावानं मिळणारी पूड, थोडी थोडी घालावी, जेट चालू ठेवून अर्ध्या तासानं पुन्हा तपासावं. एका दमात आकडा गाठायला गेलं की तो खाली पडतो आणि आम्लधर्मी पाणी हीटरचं तांबं खाऊ लागतं. स्वच्छ, पारदर्शक पण हिरवट झाक असलेलं पाणी दिसलं तर शेवाळाआधी तांब्याचा संशय घ्यावा.

पीएच एका जागी टिकावा म्हणून अल्कलिनिटी 80 ते 120 पीपीएममध्ये ठेवतात. ती वाढवायला महागडा डबा लागत नाही. घरातला खायचा सोडा चालतो. हजार लिटरांना 17 ग्रॅम घातला की 10 पीपीएम वाढ होते. धुण्याचा सोडा मात्र घालू नये, त्यानं पीएच उडी मारतो. क्रमही महत्त्वाचा: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन.

महाराष्ट्रात क्लोरीन म्हटलं की दोन वस्तू पटकन हाताशी येतात. एक, ग्रामपंचायतीच्या विहिरीत पडते ती टीसीएल पावडर. पिण्याच्या पाण्यासाठी ती उत्तम; टबासाठी नाही. तिच्यात चुना असतो, तो तळाशी साका धरतो, पाणी दुधट करतो आणि हीटरवर बसतो. दुसरी, पोहण्याच्या तलावाच्या गोळ्या, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या टीसीसीए. त्या अतिशय आम्लधर्मी असतात, हळूहळू विरघळतात, टबाच्या तळाशी पडून राहिल्या तर ॲक्रिलिकवर पांढरा डाग पाडतात, आणि प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक आम्ल पाण्यात साठत जातं. हे आम्ल उन्हापासून क्लोरीनला सांभाळतं, पण त्याचा जोरही बांधून ठेवतं. डायक्लोरमध्येही ते असतं: 10 भाग क्लोरीन दिला की जवळपास 9 भाग सायन्युरिक आम्ल मागे राहतं, आणि पाणी बदलल्याशिवाय ते जात नाही. रोगनियंत्रण केंद्र हॉट टबात ते टाळायलाच सांगतं. त्यामुळे रोजच्या वापराला बिनवासाचं, साबण न घातलेलं सोडियम हायपोक्लोराइट बरं. ते उन्हाळ्यात डब्यातल्या डब्यात उतरतं, म्हणून मोठा कॅन घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

इथे एक धोक्याची सूचना ठळक अक्षरांत लिहावी अशी. टीसीसीएची गोळी आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एका डब्यात, एका चमच्यानं, एका बादलीत एकत्र येऊ देऊ नये, पेट घेतात. कुठल्याही क्लोरीनवर ॲसिड पडलं तर विषारी वायू सुटतो. पंपाच्या खोलीत ॲसिडचा कॅन आणि क्लोरीनचा डबा शेजारी शेजारी ठेवलेले असतात, हे नेहमीचं दृश्य. ते आजच्या आज वेगळे करावेत.

ब्रोमीनबद्दल थोडक्यात: उष्णतेत तो क्लोरीनपेक्षा टिकाऊ, वासाला सौम्य, पण उन्हात उडतो. थंड देशांतल्या झाकलेल्या टबांना तो सोयीचा. आपल्याकडच्या उघड्या गच्चीवर त्यात फारसा फायदा नाही.

तपासणीसाठी गावोगावच्या जलसुरक्षकांना ठाऊक असलेली ओटी टेस्ट, पिवळा रंग दाखवणारी, इथे पुरत नाही. मोकळा क्लोरीन किती आणि घाणीशी जखडलेला किती, हे ती धड वेगळं करत नाही. आणि टबात नेमकं तेच कळायला हवं असतं. गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्यावं. एकूण क्लोरीनमधून मोकळा वजा केला की जखडलेला उरतो, तो 0.5 च्या वर गेला की पाण्याला मघाशी सांगितलेला मोठा डोस द्यायची वेळ झाली. या किटची एक खोड माहीत असावी. पाण्यात क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून क्षणात विरतो आणि नळी पांढरी दिसते. बघणारा म्हणतो, क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी ओततो. अशी शंका आली तर नमुन्यात अर्धं साधं पाणी मिसळून पुन्हा तपासावं. नमुना नेहमी कोपरभर खोलीवरून घ्यावा, पृष्ठभागावरून नव्हे, आणि तपासलेलं पाणी पुन्हा टबात ओतू नये.

फिल्टरची देखभाल सोपी, पण आपल्याकडच्या टबांत एक खास अडचण निघते: खोबरेल. साधारण 24 अंशांच्या खाली ते थिजतं. लोणावळ्याला थंडीत सकाळी केअरटेकर फिल्टरचं काडतूस काढतो, बागेच्या नळीनं धुतो, वरचा मळ जातो, घड्यांच्या आत मेणचट पांढरा थर तसाच राहतो. बोट फिरवलं की कळतं. असं काडतूस पाणी नीट सोडत नाही, पंप कुंथतो आणि टब गढूळ होतो. आठवड्याला एकदा नळीचा झोत तिरका धरून एकेक घडी धुवावी. महिन्याला एकदा तेल काढणाऱ्या फिल्टर-क्लीनरच्या द्रावणात रात्रभर बुडवून ठेवावं. क्षारांचा पांढरेपणा घालवायला ॲसिडचं पाणी वापरायचं असेल तर ते तेल निघाल्यानंतरच. आधी वापरलं तर तेल आणखी घट्ट बसतं. कपड्यांच्या पावडरीनं धुण्याचा मोह टाळावा, नाहीतर पुढचे चार दिवस टबावर फेसाचा डोंगर. दोन काडतुसं ठेवली की एक वापरात आणि एक वाळत, असं चक्र बसतं.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी भरणाऱ्यांनी कडकपणाकडे बघावं. कॅल्शियम 150 ते 250 पीपीएम असावं. दख्खनच्या बोअरचं पाणी अनेकदा याच्या पलीकडे असतं. गरम पृष्ठभागावर क्षार आधी बसतात, म्हणून पहिला बळी हीटरचा. अर्धं बोअरचं, अर्धं आरओ किंवा गोळा केलेलं पावसाचं पाणी मिसळलं की आकडा खाली येतो. भरताना नळीला साधा प्री-फिल्टर लावला तर लोहाची तांबूस झाकही अडते.

पाणी गढूळ झालं की आजीच्या काळापासूनचा उपाय आठवतो: तुरटी. हंड्यात ती चालते, कारण गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी ओतून घेता येतं. टबात गाळ बसायला पाणी स्थिरच नसतं; तुरटीचे पुंजके फिल्टर आणि जेटमध्ये जातात, शिवाय पीएच आणि अल्कलिनिटी खाली ओढतात. दुकानातल्या ‘क्लॅरिफायर’च्या बाटलीवरही फार भिस्त ठेवू नये. क्लोरीन शून्य असताना ती वापरणं म्हणजे आंघोळ न करता पावडर थापणं. गढूळपणा दिसला की आधी क्लोरीन आणि पीएच मोजावा, मग फिल्टर काढून बघावा; बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. दोन्ही ठीक असूनही पाणी दुधट राहिलं तर ते जुनं झालंय.

जुनं कधी म्हणायचं, याला एक चांगला हिशेब आहे. टबातल्या लिटरांना 11 नं भागायचं. आलेल्या आकड्याला रोज उतरणाऱ्या माणसांनी भागायचं. तितक्या दिवसांनी पाणी बदलायचं. 1500 लिटर आणि रोज चौघं, म्हणजे 34 दिवस. भाड्याच्या बंगल्याला मात्र हा हिशेब लावू नये. ब्रिटनमधलं आरोग्य-सुरक्षा मार्गदर्शन सुट्टीसाठी भाड्यानं दिलेल्या घरांतल्या टबांचं पाणी पाहुण्यांचा प्रत्येक गट गेल्यावर बदलायला सांगतं. पाणीटंचाईच्या मे महिन्यात दर आठवड्याला 1500 लिटर सोडून देणं जिवावर येतं, हे खरं. झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवलं, क्लोरीन शून्यावर आल्याची खात्री केली, तर ते बागेला घालता येतं. रिकामं करण्याआधी नळ्या साफ करणारं द्रव्य घालून जेट चालवावेत. पाणी बदललं आणि नळ्यांतला बुळबुळीत थर तसाच ठेवला, तर नवं पाणी दोन दिवसांत जुन्यासारखं होतं.

बंगल्यांवरची सर्वांत घातक सवय पाण्याशी नाही, विजेच्या बिलाशी निगडित आहे. रविवारी दुपारी पाहुणे गेले की मेन स्विच बंद होतो. चार दिवस पंप थांबलेला, क्लोरीन संपलेला, झाकणाखाली पाणी 40 वरून हळूहळू 30, 28 अंशांवर येत राहतं. लीजनेला नेमका 20 ते 45 अंशांच्या पट्ट्यात वाढतो. शुक्रवारी संध्याकाळी स्विच चालू होतो, पाणी तापतं, रंग छान दिसतो आणि पहिला बुडबुडा फुटतो. यावर दोनच मार्ग आहेत. टब भरलेला ठेवायचा तर पंप दिवसातून किमान दोन वेळा चालला पाहिजे आणि कुणीतरी एक दिवसाआड क्लोरीन मोजून घातला पाहिजे. टायमरनं निम्मं काम होतं. ते जमत नसेल तर टब रिकामा करून पूर्ण कोरडा ठेवावा.

रोजच्या शिस्तीत दोनच क्षण महत्त्वाचे. माणसं उतरण्यापूर्वी मोजणं, आणि माणसं बाहेर आल्याबरोबर, पाणी अजून ढवळत असताना, डोस घालणं. सकाळी घालू म्हटलं की रात्रभर जिवाणूंना मोकळं रान मिळतं. उतरणाऱ्यांनी आधी एक मिनिटभर अंगावर पाणी घेतलं, केस वर बांधले, तर निम्मा मळ टबात येतच नाही. पाहुण्यांना हे सांगायला यजमान संकोचतात. टबाशेजारी शॉवर बसवला आणि तिथे टॉवेल ठेवला तर फारसं सांगावं लागत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात घेऊ नये, गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारावं.

टब आपला नसेल, दोन रात्रींसाठी भाड्यानं घेतलेल्या बंगल्यातला असेल, तर वाचकानं बॅगेत टेस्ट स्ट्रिप्सची छोटी बाटली टाकावी. पाण्याच्या पातळीशी बोट फिरवावं. बुळबुळीत लागलं तर प्रश्नच मिटला. झोंबणारा वास आला किंवा पट्टीवर क्लोरीन 3 च्या खाली दिसला, तर केअरटेकरला डोस घालायला सांगून जेट चालू ठेवून थांबावं, आणि आकडा आल्यावरच मुलांना सोडावं. डुंबून आल्यावर एक-दोन दिवसांत पोहण्याच्या कपड्यांखालच्या भागावर खाजरे लाल पुरळ उठले तर ते बहुधा स्यूडोमोनास या जिवाणूचे. बहुतेकांचे आपोआप जातात. पण दोन आठवड्यांच्या आत ताप, खोकला आणि धाप लागली, विशेषतः घरातल्या पन्नाशीपुढच्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाला, तर डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात टबाचं सांगावं. लीजनेलासाठी वेगळी चाचणी आणि वेगळी प्रतिजैविकं लागतात, आणि न सांगता डॉक्टरांना त्याचा संशय येणं कठीण.